एक्केचाळीस नावं, त्रेचाळीस कबरी

इद्दिबाल : जोरात ढकला. कडी न्हाई लावलेली. दार खालनं घासतंय, म्हनून अडतंय.

दातिवा : दार अडतंय की तुम्ही अडवताय? तीन वर्षांत तिसऱ्यांदा आलेय मी. दोनदा काठी उगारून हाकललंत.

इद्दिबाल : काठी आज भितीला टेकवलीया, बघा. आन् हुकूमबी आज येगळा हाय. बाजारात दवंडी ऐकली म्या. थोरला सम्राट तिकडं पूर्वेला दुश्मनाच्या हाती घावला, समदा कारभार लेकाकडं आला, आन् लेक म्हनला, तीन वर्सांमागं काढून घेतलेली ख्रिस्ती लोकांची दफनभूमी त्यांची त्यांना देऊन टाका.

क्रेस्कोनियस : नुसती दवंडी नाही, लेखी पत्र आहे. ही पाहा सरकारी मोहर. मी क्रेस्कोनियस, कार्थेजच्या ख्रिस्ती मंडळीचा सेवक. जागा ताब्यात घ्यायला बिशपांनी मला पाठवलं आहे. या दातिवाबाई. यांचे पती इथे निजले आहेत. आपण सरकारी रखवालदार ना?

इद्दिबाल : महिनाअखेरपातूर. इद्दिबाल म्हनतात मला. मोहर नका दाखवू साहेब, मला वाचता येत न्हाई. हुकूम मला कानानंच कळतो.

दातिवा : काठीचंही कानानंच कळलं होतं वाटतं? मी काय मागत होते? आत येऊन दोन मिनिटं बसू द्या, एवढंच.

इद्दिबाल : दुसऱ्या खेपेला तुमी आला, तवा भितीपल्याड अंजिराखाली शिपाई बसला व्हता. आत पाऊल टाकलं की मुंडकं, असा हुकूम. तुमाला हळू आवाजात सांगितलं असतं, तर तुमी हुज्जत घातली असती.

दातिवा : घातली असती.

इद्दिबाल : म्हनून काठी.

दातिवा : आणि पहिल्या खेपेला?

इद्दिबाल : पहिल्या खेपेला म्याच भ्यालो व्हतो. नवी नोकरी. कोन आपलं, कोन खबऱ्या, कायबी कळत नव्हतं.

दातिवा : बरं. निदान खरं तरी बोलताय. क्रेस्कोन, तू पुढे हो जरा... अरे देवा. हे काय? दगड कुठे गेले? उर्बानच्या उशाला दगड होता, त्यावर आमच्या लोकांची खूण, मासा कोरलेला. एकही दगड नाही इथं. आणि हा मळा? आमच्या माणसांच्या उरावर भाजीपाला लावलात तुम्ही?

क्रेस्कोनियस : बाई, जरा थांबा. आपण आधी पाहणी करू.

दातिवा : पाहणी काय करायची? मेथी दिसतेय मला. मेथी.

इद्दिबाल : बाई, बसा त्या कट्ट्यावर. सांगतो. दगड चुनाभट्टीवाल्यांनी नेले. पहिल्याच महिन्यात. सरकारातनं चिठ्ठी घेऊन आले, बैलगाड्या लावल्या, आन् सांजच्यापातूर समदं साफ. ते माझ्या हातात नव्हतं. मला हुकूम निराळा व्हता. म्हनले, नांगर घाल आन् हरभरा पेर. तीन वर्सांत हितं कायबी व्हतं असं कुनाच्या ध्यानात ऱ्हायला नको.

क्रेस्कोनियस : मग नांगर घातलात?

इद्दिबाल : न्हाई. म्या घरी जाऊन बायकूला, आमच्या अरिशातला सांगितलं. ती भाकरीचं पीठ मळत व्हती. म्हनली, मेलेल्या मानसाच्या छातीवर नांगर घालशील, तर आपल्याला कोन पुरंल? आमचे देव येगळे, तुमचा येगळा, पन मेलेलं मानूस कुनाच्याबी देवाचं असो, त्याला हलवायचं नसतं. तवा आमी ओळींच्या मधी हरभरा पेरला, वर वर, कुदळीनं. आन् कबरींवर येगयेगळं लावलं.

दातिवा : वेगवेगळं म्हणजे?

इद्दिबाल : एकीवर मरवा, एकीवर सताप, एकीवर जिरं, एकीवर मेथी. लेकरांच्या कबरींवर पुदिना. त्याला लई पानी लागतं, म्हनून रोज तिकडं जानं व्हायचं. अरिशात म्हनायची, लेकरांकडं रोज गेलं पायजे.

दातिवा : आणि पाहणीला कुणी आलं नाही?

इद्दिबाल : आला की. वर्साला एकदा, घोड्यावर. म्हनला, हरभरा एवढा पातळ का? म्हनलं, जमीन खराब हाय साहेब, पाला तेवढा चांगला येतो. तवा बडीशेपेची जुडी बांधून दिली. खूश होऊन गेला.

दातिवा : तुम्ही हसू नका. मला हसू येईल, आणि मला आत्ता हसायचं नाहीये. उर्बान कुठे आहे ते सांगा. दगड नाही, खूण नाही. तुम्हाला तरी कसं कळणार?

इद्दिबाल : कोन उर्बान? काय करायचा?

दातिवा : पाववाला. बंदराकडच्या गल्लीत भट्टी होती आमची. अजून मी चालवते.

इद्दिबाल : उर्बान पाववाला. थांबा हं. मला मधूनच सांगता येत न्हाई, ओळीच्या सुरवातीपासनं म्हनावं लागतंय. तिसरी ओळ. दाराकडनं पहिला मरवा, सातुर नावाडी. मग ओवा, त्याची सासू. मग जिरं, ती पांगळी शिवनकाम करनारी, वितालिया. मग बडीशेप, उर्बान पाववाला. ही बघा, ही उंच झालीया ती. या हिकडं. जपून, हरभऱ्यावरनं या, चालतंय.

दातिवा : ही?

इद्दिबाल : ही.

दातिवा : नक्की? माझ्या समाधानासाठी सांगू नका.

इद्दिबाल : तुमची शिवी खाल्ली असती, पन खोटं सांगितलं नसतं.

क्रेस्कोनियस : काका, ही नावं तुम्हाला कुणी दिली? आमच्याकडे यादी आहे. एक्केचाळीस नावं. पण कोण कुठे आहे ते फक्त आमच्या कबरी खोदणाऱ्या नाम्फामोला ठाऊक होतं. त्याला शिक्षा म्हणून खाणीत पाठवलं आणि तो तिकडेच वारला. दगड जागेवर असतील एवढीच आमची आशा होती.

इद्दिबाल : नाम्फामोनंच दिली. त्याला न्यायच्या आदल्या दिशी तो हितं आला. हातात बेडी नव्हती अजून. म्हनला, तू नवा रखवालदार का? म्हनलं, व्हय. म्हनला, माझ्यासंगं एक फेरी मार. एकेका कबरीपाशी उभा ऱ्हायचा आन् नाव सांगायचा. कोन व्हता, काय करायचा, कशानं गेला. म्या नुसता मान हलवत व्हतो. अरिशात मागनं येत व्हती पान्याची घागर घेऊन. रातीला बघतो, तर ही चुलीपाशी गुनगुनतीया. समदी नावं तिनं गान्यात बसवली व्हती. जात्यावर बाया म्हनतात ना, तसं. आन् गान्याच्या तालावर मग रोपं लावली. तवापासनं रोज पानी घालताना तेच म्हनायची. माझ्याबी डोक्यात बसलं.

दातिवा : कुठे आहे ती? तिला बोलवा. मी पाव आणलेत, उर्बानपाशी बसून खायला. तिच्या हातावर पहिला ठेवते.

इद्दिबाल : ती न्हाई आता, ताई. गेल्या हिवाळ्यात गेली. खोकला व्हता.

दातिवा : अरेरे.

इद्दिबाल : तुमी लिहा साहेब. उजेड हाय तंवर लिहून घ्या. माझंबी वय झालंय. म्या गेल्यावर ते गानं कुनालाच येनार न्हाई.

क्रेस्कोनियस : हो. तुम्ही म्हणत चला, मी प्रत्येक नावापुढे ओळ आणि जागा लिहितो. दातिवाबाई, दौत जरा धरता का? पहिली ओळ.

इद्दिबाल : पहिली ओळ, दाराकडनं. सताप, म्हातारी गेनेरोसा, आंधळी. सताप, तिचा भाऊ. पुदिना, जुळ्यातलं एक. पुदिना, जुळ्यातलं दुसरं...

(बऱ्याच वेळानं. क्रेस्कोनियस यादी मांडीवर घेऊन बसला आहे, दातिवाच्या बोटांना शाई लागली आहे.)

क्रेस्कोनियस : एक्केचाळीस. सगळी जुळली. एकही सुटलं नाही. काका, मी काय बोलू? बिशपांना सांगेन तेव्हा त्यांचा विश्वास बसणार नाही. आमच्या लोकांनी घरी बसून तीन वर्षं प्रार्थना केली की ही माणसं आम्हाला परत मिळोत. आणि इथे तुम्ही दोघं त्यांना रोज नावानं हाका मारत होता.

दातिवा : पण क्रेस्कोन, मी चालत होते तेव्हा मोजत होते. त्रेचाळीस आहेत.

क्रेस्कोनियस : काय त्रेचाळीस?

दातिवा : कबरी. शेवटच्या ओळीत, भिंतीलगत, दोन जास्त आहेत. तिथे काका काहीच म्हणाले नाहीत.

इद्दिबाल : त्या माझ्या.

क्रेस्कोनियस : तुमच्या म्हणजे?

इद्दिबाल : म्या खोदलेल्या. डावीकडची आमची अरिशात. गावाबाहेर आमच्या लोकांची जागा हाय, पन तिकडं न्यायला चार मानसं लागतात खांद्याला. माझ्याकडं एक बी नव्हतं. आन् तिनंच सांगितलं व्हतं, हितंच ठेव. चुकलं आसंल. तवा ही जागा कुनाचीच नव्हती, सरकारची व्हती. आता तुमची झाली.

क्रेस्कोनियस : त्यांचा बाप्तिस्मा झाला होता?

इद्दिबाल : न्हाई.

क्रेस्कोनियस : काका, मला हे बोलताना फार जड जातंय. पण ही भूमी विश्वासी लोकांसाठी राखलेली आहे. तसा नियमच आहे. मी आज गप्प बसलो तर उद्या दुसरं कुणी विचारेल, आणि आमच्यात आधीच वाद कमी नाहीत. त्यांना मानानं हलवू. खांदेकरी मंडळी देईल. मी स्वतः येईन.

दातिवा : शाई वाळली नाही अजून, क्रेस्कोन. तिच्या गाण्यावरून लिहिलेली शाई.

क्रेस्कोनियस : बाई, नियम मी केलेला नाही.

दातिवा : मग उर्बानलाही हलव. दहा वर्षांपूर्वी सगळ्यांना देवळात उभं करून सम्राटाच्या देवांपुढे धूप जाळायला लावला, तेव्हा त्यानंही जाळला. चिमूटभर. दाखला घेऊन घरी आला आणि तीन दिवस जेवला नाही. मंडळीनं त्याला पुन्हा आत घ्यायला दोन वर्षं लावली. घेतलं शेवटी. नियमानं घेतलं की मायेनं?

क्रेस्कोनियस : तो आपला होता.

दातिवा : ही कुणाची होती मग?

इद्दिबाल : ताई, भांडू नका. साहेबाचं बरोबर हाय. ज्याचं घर, त्याचा नेम. फक्त एक करा साहेब. खांदेकरी द्या, पन फावडं दुसऱ्या कुनाच्या हाती नको. म्या खोदली, म्याच उकरीन. आन् पाऊस पडून माती मऊ होऊ द्या. तंवर थांबाल?

क्रेस्कोनियस : थांबू. काका, तुम्ही रागावत का नाही?

इद्दिबाल : कुनावर रागावू? सांगतो. साथीचं वर्स आठवतं ना, कार्थेजात दारोदारी मढी पडली व्हती? अरिशात तापानं फनफनली. आन् म्या पळालो. व्हय, बायकूला दोरवाल्यांच्या गल्लीत टाकून भावाच्या शेतावर पळालो. नऊ दिसांनी परत आलो, मढं उचलायला. तर ही उठून बसलीया आन् पेज पितीया. म्हनली, एक बाई येत व्हती रोज. तोंडावर फडकं बांधलेली. पानी पाजायची, अंग पुसायची. नाव विचारलं तर म्हनली, आमी ख्रिस्ताची मानसं. एवढंच. परत कवा दिसली न्हाई. जगली का मेली, ठाऊक न्हाई. तवापासनं तुमच्यातलं कुनीबी दिसलं, की आमची म्हनायची, ह्यो तिच्या नात्यातला असनार.

दातिवा : आणि तुम्हाला काय म्हणाली? पळून गेलात त्याचं?

इद्दिबाल : कायबी न्हाई. वाडग्यात पेज उरली व्हती, ती माझ्याम्होरं सरकवली.

क्रेस्कोनियस : आणि दुसरी कबर? उजवीकडची?

इद्दिबाल : त्याचं नाव मला ठाऊक न्हाई. म्हनून गान्यात न्हाई तो.

क्रेस्कोनियस : तो म्हणजे?

इद्दिबाल : दोन वर्सं झाली. द्राक्षं काढून झाली व्हती. पहाटे लष्कराची गाडी आली दाराशी. गाडीवान म्हनला, यो ख्रिस्ती हाय, काल मान मारली. भितीपल्याड चरात टाक आन् माती लोट, कुनाला सांगायचं न्हाई. गाडी गेली, आन् अरिशात बाहेर आली. म्हनली, चरात कुत्री येतात. आत घे त्याला. जवान व्हता. पुढचा एक दात अर्धा तुटलेला. आन् नखं जांभळी. हाताची समदी नखं, मुळापातूर. आमची दोनदा घासून बघत व्हती, जातच न्हाई. म्हनलं, अगं, रंगारी असंल, शिंपल्यांतनं जांभळा रंग काढनारा. ते न्हाई जात.

दातिवा : क्रेस्कोन. क्रेस्कोन, खाली बस.

क्रेस्कोनियस : दात... लहानपणी माझ्याच हातून तुटला होता तो. विहिरीच्या कठड्यावरून मी ढकललं होतं त्याला.

इद्दिबाल : कोन साहेब?

दातिवा : याचा धाकटा भाऊ, सिल्वान. दिवसा रंगाच्या कारखान्यात, संध्याकाळी मंडळीत शास्त्र वाचायचा. त्याला मारलं हे कळलं, पण देह मिळाला नाही. हा दोन वर्षं शोधतोय. चर, खड्डे, खाडी.

इद्दिबाल : चर? आमची जायच्या आधल्या उन्हाळ्यात त्या चरात काठीनं माती उकरत एक मानूस फिरत व्हता. तोंडावर टोपी वढलेली. ते तुमी?

क्रेस्कोनियस : हो. तुम्ही पाहिलं होतं मला?

इद्दिबाल : झोपडीच्या फटीतनं. अरिशात म्हनली, जा, विचार त्याला काय शोधतोय. म्या म्हनलं, खबऱ्या असंल, आपल्यालाच धरून नेईल. दार लावून घेतलं. चार पावलं व्हती साहेब. चार पावलं येऊन विचारलं असतं, तर...

क्रेस्कोनियस : नाही. तसं म्हणू नका. त्याला धरलं तेव्हा मी डोंगरातल्या खेड्यात लपलो होतो. त्यानं मला निरोप पाठवला होता, दादा, तू येऊ नकोस. मी आलो नाही. त्यानं सांगितलं म्हणून नाही आलो, असं मी सगळ्यांना सांगतो. काका, त्याला... त्याला नीट ठेवलंत ना?

इद्दिबाल : तोंड उगवतीला. नाम्फामोनं सांगितलं व्हतं, तुमी तसं ठेवता म्हनून. अरिशातनं कोमट पान्यानं अंग पुसलं. मान नीट जुळवली, फडकं बांधलं. पांघरायला कायबी नव्हतं, तर तिनं पेटीतनं लग्नातली शाल काढली. म्या म्हनलं, अगं, ती तुझ्यासाठी ठेवलीया ना? म्हनली, मला जुनंपानं कायबी चालंल. प्रार्थना आमाला येत न्हाई तुमची. आमचं लेकरू गेलं व्हतं पूर्वी, तवा जे म्हनली व्हती, तेच म्हनली.

क्रेस्कोनियस : काय म्हणाल्या?

इद्दिबाल : नीज बाळा, मी हाय हितं. एवढंच. आन् मग हिवाळ्यात स्वतः पडली, तवा मला जवळ बोलावून म्हनली, मला त्या पोराच्या शेजारी ठेव. त्याची आई काय हितं न्हाई. समद्यांची गानी हाईत, त्याचं नावबी कुनाला ठाऊक न्हाई.

दातिवा : रड, क्रेस्कोन. रड बाळा. दोन वर्षं दगडासारखा फिरलास.

क्रेस्कोनियस : दातिवाबाई, ती यादी कुठे आहे?

दातिवा : ही घे. ओली करू नकोस.

क्रेस्कोनियस : शेवटची ओळ, भिंतीलगत. सिल्वान, ग्रंथवाचक, रंगारी. बेचाळीस. काका, त्यांचं नाव पुन्हा एकदा सांगा. हळूहळू सांगा, मला बरोबर लिहायचं आहे.

इद्दिबाल : कुनाचं? आमचीचं? पन ती तर हलवायची ना?

क्रेस्कोनियस : बिशप काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही. मी त्यांच्यापुढे सगळं जसं घडलं तसं ठेवीन. ते कदाचित रागावतील, नियम मोडला म्हणतील, मला या कामावरून काढतीलही. पण तिला हलवायचं तर मंडळीच्या सेवकाला पहिलं फावडं मारावं लागतं, आणि ते फावडं मी हातात घेणार नाही. नाव सांगा.

इद्दिबाल : अरिशात.

क्रेस्कोनियस : अ-रि-शा-त. त्रेचाळीस.

दातिवा : तिच्यावर काय लावलंय, काका? लांबून ओळखू येत नाही.

इद्दिबाल : काय न्हाई. आपोआप आलं ते गवत हाय. तिच्यासाठी काय लावावं, मला सुचलंच न्हाई. समद्यांचं तीच ठरवायची.

दातिवा : मी ठरवीन. पुढच्या वेळी घेऊन येते. आणि महिनाअखेरीला तुम्ही कुठे जाणार?

इद्दिबाल : भावाच्या पोरांकडं. त्यांनी या म्हनलं न्हाई, नको बी म्हनलं न्हाई.

क्रेस्कोनियस : झोपडी इथेच राहू द्या. जागेला रखवालदार लागणारच, आणि नाम्फामोनंतर हे सगळं ठाऊक असलेला दुसरा माणूस आमच्याकडे नाही.

इद्दिबाल : साहेब, एक आत्ताच सांगतो. या वयात म्या तुमच्यातला होनार न्हाई. आमच्या घरातला देव्हारा म्या काढनार न्हाई.

क्रेस्कोनियस : मी विचारलं का?

इद्दिबाल : न्हाई.

क्रेस्कोनियस : मग झालं. आणि मला साहेब म्हणू नका. क्रेस्कोन म्हणा.

दातिवा : आता तुम्ही दोघं ऐका. सकाळपासून माझ्या टोपलीत पाव निवतायत. जैतून आहेत, मासा आहे खारवलेला, आणि थोडी द्राक्षाची दारू, पाणी घातलेली. उर्बानला एकट्याला एवढं संपत नाही. या, इथं शेवटच्या ओळीतच मांडू. काका, तुम्ही अरिशातच्या बाजूला. क्रेस्कोन, तू तुझ्या भावाजवळ.

इद्दिबाल : म्या उभ्यानंच घास खातो, ताई. माझे गुडघे गेलेत. एकदा खाली बसलो, की उठायला लई वेळ लागतो.

दातिवा : लागू द्या. आज इथून आपल्याला कुणी उठवणार नाहीये.